दूध काढून ठेवा!

"माझ्या म्हशीचं दूध प्यालेलं पोरगं दुसऱ्या पेठंची जर्सी घालायचं न्हाई!" सडाखाली ग्लास धरत आप्पा गवळी गरजले. कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला माणसं जमली होती. फुटबॉलचा हंगाम संपल्यापासून कोल्हापुरात एकच आवई होती, की आप्पांच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा स्ट्रायकर ओंकार पलीकडच्या पेठेकडून खेळणार.

ओंकार अनवाणी खेळायचा तेव्हापासून सामना संपला की कट्ट्यावर यायचा आणि फेसाळता ग्लास उभ्या उभ्या रिकामा करायचा. पुढं नाव झालं, तरी गोल मारला की धावत मैदानातल्या आप्पांच्या प्रेक्षक गॅलरीसमोर यायचा आणि हाताचा ग्लास करून ओठांना लावायचा. म्हणजे, आप्पा, दूध काढून ठेवा! सगळी गॅलरी हसायची.

आवई खरी ठरली. मग आप्पांनी कट्ट्यावर त्याचं नावही कुणाला काढू दिलं नाही.

नव्या हंगामात दोन्ही पेठा समोरासमोर आल्या. खेळ संपता संपता ओंकारनं डाव्या पायानं गोल मारला आणि जुन्या सवयीनं थेट आप्पांच्या गॅलरीकडं धावला. हाताचा ग्लास ओठांपर्यंत गेला आणि समोरची सुतकी तोंडं बघून तिथंच थबकला.

त्या गॅलरीत एकटे आप्पा उभे राहून टाळ्या पिटत होते.

"आप्पा, बसा की खाली! गोल आपल्यावर झालाय!" शेजाऱ्यानं त्यांचा सदरा ओढला.

आप्पा बसले. "व्हय रं बाबा," ते म्हणाले, "पर दूध आपलंच हाय न्हवं!"