इंजिनापाशी

करमअली इंजिनाला पाठ लावून उभा होता आणि हलायला तयार नव्हता. हमाल दोनदा ओरडून गेले, एकाची पेटी गुडघ्याला लागली, तरी नाही.

यशरानं आईकडे निरोपच तसा दिला होता. 'व्हीटीहून तीनला गाडी सुटते. मी इंजिनापाशी उभी राहीन. अब्बा आले तर भेटतील. नाही आले तर मी समजेन, पुन्हा तोंड दाखवणार नाही.' आपल्या मर्जीनं निकाह केलेल्या लेकीशी करमअली दोन वर्षं बोलला नव्हता. फोनमधून तिचा नंबरसुद्धा पुसून टाकला होता. पण ती नवऱ्याबरोबर कायमची लखनौला निघाली म्हटल्यावर गडी पहाटेच दिघीहून एसटीत बसला.

स्टेशन पाहून त्याची मती गुंग झाली. बाहेर घुमट, आत खांब, फलाटांची तर मोजदाद नाही, आणि जो तो घाईत. तरी विचारत विचारत लखनौची गाडी सापडली, इंजिन सापडलं. लेक तेवढी दिसेना.

पावणेतीन झाले. डब्यांकडं जाऊन बघावं का? पण आपण तिकडं गेलो आणि पोरगी इथं आली तर? आधीच दोन वर्षांचा अबोला, त्यात ही चुकामूक. नकोच. शिवाय घाई कसली? दिघी-आगरदांड्याच्या लाँचचं सुकाणू त्यानं तीस वर्षं धरलं होतं. मशीन आहे तिथं बोट आहे, आणि चालवणारा तांडेल काठावर असेपर्यंत बोट धक्का सोडत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. इथं तर ड्रायव्हर दार ओढून, पिशवी घेऊन खुशाल उतरून गेला होता. चहाला गेला असणार.

इंजिन आणि डबा यांच्यामध्ये एक माणूस वाकून काहीतरी करून गेला. करमअलीनं मनातलं वाक्य पुन्हा घोळवलं. नीट राहा, ईदला ये. मागचं काही काढायचं नाही.

तीन वाजले. शिटी झाली ती भलतीकडून, पार लांबून. मग शेजारचा डबा हलला. इंजिन हललं नाही.

करमअलीनं एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा इंजिनाकडं. आपल्यालाच घेरी आली असं वाटून त्यानं इंजिनाची कड धरली. गाडी निघून चालली होती आणि इंजिन त्याच्या हाताखाली जागच्या जागी उभं.

"गाडी जाते कशी?" त्यानं हमालाला विचारलं.

"हे आणणारं इंजिन, चाचा. इथं रूळ संपतात ना. नेणारं तिकडं लागतं, त्या टोकाला."

ते टोक फलाटाबाहेर पडलंसुद्धा होतं. करमअली चार पावलं धावला आणि थांबला.

फोन वाजला. त्याची बायको जहुरा होती.

"पोरीचा फोन आलता. गाडी सुटेपर्यंत इंजिनापाशी उभी व्हती म्हणते. तुमी गेलाच न्हाय ना?"

"अगो, मी इंजिनापाशीच हाय. अजून हाय. गाडी गेली न इंजिन हितंच राहिलं."

जहुरा थकल्यासारखी म्हणाली,

"जायचं नव्हतं तर न्हाय गेलो म्हणा. असलं मी पोरीला कसं सांगू?"