डाव्या हाताचा खेळ

जत्रेतल्या शेवटच्या खेळाआधी माझ्या डाव्या बाहीची शिवण उसवली. मनगटावरचं कबुतर त्याच बाहीत शिरून गायब व्हायचं. शिवायला वेळ नव्हता, तंबू भरला होता, आणि तिसऱ्या रांगेत खोटी मिशी लावून पिराजी बसला होता.

पिराजीसुद्धा जादूगारच, समोरच्या तंबूतला. माझं कबुतर जातं कुठं, या एका ध्यासापायी गडी स्वतःचे खेळ बंद ठेवून माझ्या खेळाला यायचा. कधी साधू बनून, कधी लुगडं नेसून. मी लगेच ओळखायचो. उजव्या हातानं काठी फिरवली की सगळं पब्लिक काठीकडं बघतं. डाव्या हाताकडं फक्त जादूगार बघतो.

आज त्याला उसवलेल्या बाहीत कबुतर दिसलं, की माझा धंदा बसला. मी पडद्यामागं बायकोचं काजळ घेतलं आणि डाव्या तळहातावर लिहिलं, 'मिशी सुटली'.

काठी फिरली. त्याची नजर बरोब्बर माझ्या तळहातावर आली. दचकून त्यानं खाली मान घालून मिशी चाचपली, आणि तेवढ्यात कबुतर गेलं.

खेळ सुटल्यावर तो तणतणत आला. "हलकटा, मिशी तर घट्ट होती!"

"मग चाचपली कशाला, प्रोफेसर?"

पुढच्या जत्रेला पठ्ठ्या खरीखुरी मिशी वाढवून आला. तिला पीळ देत पहिल्याच रांगेत बसला. मी काठी उचलली आणि डावी मूठ हळूच उघडली. आत लिहिलं होतं, 'धोतर सुटलं'.