ऐंशी डेसिबल

पिपलानीतल्या कारखाना-कॉलनीत, आमच्या क्वार्टरमागच्या खोलीत दोन गिटार, एक ड्रम, एक दुरुस्त केलेला अँप्लिफायर आणि आम्ही तिघं होतो. आमच्या क्रस्ट पंक, म्हणजे कर्कश आरडाओरड्याच्या रॉक बँडची ती तिसरी तालीम.

कॉलनी समितीचे सबनीसकाका ध्वनिमापक घेऊन फाटकापाशी उभे राहिले. "ऐंशी डेसिबलच्या वर गेलात, तर आजच खोली खाली करायची!"

"मंजूर, काका. पण आकडे तुम्हीच लिहा," आमची गायिका ऋजुता म्हणाली आणि नेहमीइतकीच बेंबीच्या देठापासून ओरडली.

गाणं संपताच काका कडाडले, "ह्याला गाणं म्हणतात? बंद करा ही नौटंकी!" हातातलं मापक चालूच होतं. कारखान्याच्या चाचणी विभागातल्या तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी दोन्ही आकडे वहीत उतरवले.



बँड : ७८. सबनीस : ९४.