कड्याआडची पुळण

गर्दी नसलेला किनारा शोधत हेमाली आणि प्रणय दिघीच्या पुढे गाडीने भटकत होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. या बाजूला दोघंही पहिल्यांदाच येत होते, निदान प्रणय तसं म्हणाला होता.

रस्त्याकडेला सुकट वाळत घालणाऱ्या बाईला हेमालीने विचारलं, "मावशी, इथं जवळ एखादी शांत पुळण आहे का?"

बाईने प्रणयकडे बघून हसत म्हटलं, "यांना ठाव हाय की!"

"दुसरा कुणीतरी वाटलो असेन तिला," प्रणय काच वर घेत म्हणाला. पण पुढच्या फाट्यावर त्याने न विचारता गाडी डावीकडे वळवली. करवंदांच्या जाळीतली पायवाटही त्याला शोधावी लागली नाही.

पुळण सुंदर होती. तिन्ही बाजूंनी कडा असल्यामुळे वारा नव्हता आणि पाणीही संथ होतं. प्रणय भराभर पुढे चालत राहिला. इथे कोणाबरोबर आला होतास, हे आता विचारायचंच, असं ठरवून हेमालीने हाक मारली.

"प्रणय!"

कड्यावरून तिची हाक परत आली. त्याने वळून पाहिलं नाही.

ती पुन्हा हाक मारणार, तोच कड्यावरून आवाज आला. "प्रणय!"

हेमालीने अजून तोंड उघडलं नव्हतं. आवाज तिचाच होता, फक्त इतक्या लाडाने तिने त्याला कधी बोलावलं नव्हतं.

या वेळी तो थांबला आणि कड्याकडे बघून हसला.

"आलो गं," तो म्हणाला. "हिला आणलंय."