डाव्या हाताचा चुडा

"डावा राहू द्या, मावशी," म्हणत कुमुदने कासारणीपुढून हात मागे घेतला. डायलिसिससाठी डॉक्टरांनी त्या मनगटात रोहिणी आणि नीला या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या होत्या. बोट टेकवलं की आत रक्ताची थरथर जाणवे. ती थांबली तर डायलिसिसची वाटच बंद.

"लेकीच्या हळदीला आईचा हात भुंडा?" वन्संनी डोळे वटारले. कासारणीने सात हिरव्या बांगड्या दाबून चढवल्या.

पाहुणे आले, वाजंत्री आली, पण कुमुदचं बोट सारखं त्या बांगड्यांपाशी घुटमळत होतं. थरथर मंदावली. मग लागेचना.

"वन्सं, काढा हो ह्या!"

"आजच्या दिवशी काच फोडायची? काहीतरीच, वहिनी!"

ते ऐकून पाटावर बसलेली लेक ताडकन उठली. वाटीतली तेलहळद तिने आईच्या पंजाला चोपडली आणि एकेक बांगडी अख्खी उतरवली. मग मनगटाला कान लावला.

"वाजतंय गं, आई."

वन्संनी भीतभीत बोट टेकवलं आणि झटका बसावा तसं मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत त्या दर तासाला तेच बोट घेऊन येत राहिल्या.