इंजिनावरचा बुरणूस

बुधवारी सकाळी कासिमअलीने चावी फिरवली आणि गाडी नुसती खाकरली. दुसऱ्यांदा तेवढंही केलं नाही. त्याने बॉनेट उघडून पाहिलं, तर एका वायरचं तांबं उघडं पडलेलं आणि शेजारी उंदरांच्या लेंड्यांचा सडा.

“हरामखोर,” तो म्हणाला. त्याचा मुलगा एर्मेक मागे उभा होता. शिवी आपल्याला की उंदरांना, हे त्याला कळेना.

बापलेक सून आणायला निघाले होते. सुनेला मात्र याचा पत्ता नव्हता. जिपार नावाची ही मुलगी सुट्टीला गावी आली होती आणि शनिवारी सकाळच्या बसने राजधानीला, बिश्केकला, परत जाणार होती. गुरांच्या डॉक्टरकीचं तिचं शेवटचं वर्ष होतं. रोज सकाळी ती नळावर एकटी पाण्याला यायची. तिथून तिला गाडीत घालायचं, घरी आणायचं आणि डोक्यावर पांढरा रुमाल बांधायचा, एवढंच काम. रुमाल बांधला की माहेरचे मुलीला परत न्यायला लाजतात. मुलीचं मन विचारायची कासिमअलीला गरज वाटत नव्हती. गरज होती ती गाडी सुरू होण्याची.

एकतीस वर्षांपूर्वी आपल्या बायकोला, बुरुलचाला, त्याने असंच आणलं होतं. उणे तीसच्या थंडीत सरकारी ट्रक पहिल्या चावीला कसा सुरू झाला, हे तो चार माणसांत अजून ऐटीत सांगायचा. बुरुलचा तेव्हा चहा ओतत असायची.

वायर जोडण्यात बुधवार गेला. बुरुलचाही उंदरांवर भडकली होती. चुलीपुढे बसून तिने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चोरपावलांनी दुसऱ्याच्या घरात शिरतात, हवं ते ओढून नेतात आणि वर मिशा पुसतात, असं बरंच काही ती बोलली. तिचा आवाज इतका चढला की कासिमअलीलाच तिला शांत करावं लागलं.

घरचं मांजर गेल्या आठवड्यात तिने बहिणीकडे दिलं होतं. ते दुधात तोंड घालायचं म्हणे. ते परत आणायला सांगितलं तर बहिणीच्या गावचा रस्ता बर्फाने बंद. मग बसच्या ड्रायव्हरने उपाय सांगितला. मेंढीच्या शेपटीच्या चरबीत लाल तिखट कालवायचं आणि वायरींना जाड थर द्यायचा, उंदीर तोंड लावत नाही. बुरुलचाने लगेच चरबी वितळवली आणि स्वतःच्या बोटांनी एकेका वायरीला चोपडली.

रात्री इंजिन गारठू नये म्हणून त्यावर बुरणूस घालायचा आणि बॅटरी काढून चुलीजवळ ठेवायची, ही तिकडची रोजची कामं. बॅटरी कासिमअली उचलायचा. बुरणूस मात्र बायकांनी लोकर लाटून बनवायचा, बायकांनीच घालायचा आणि काढायचा. त्याला हात लावणं कासिमअलीला कमीपणाचं वाटे. यंदा बुरुलचाने जाड दुहेरी बुरणूस शिवला होता.

गुरुवारी दुसरी वायर तुटलेली निघाली. कासिमअलीने बॉनेट असं आपटलं की छपरावरचा बर्फ खाली आला. एर्मेक चाचरत म्हणाला की शेजाऱ्याची गाडी मागू या. नाहीतर, तो म्हणाला, एकदा तिच्याशी बोलून बघतो.

“बोलून?” कासिमअली म्हणाला. “तुझ्या आईशी मी बोलत बसलो असतो तर तू जन्मला असतास का? आणि उसन्या गाडीतून माझ्या घरात सून येणार नाही.”

बुरुलचाने मुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. चरबी आणखी जाड लावते, एवढंच म्हणाली. शुक्रवारीही तेच झालं. त्या दिवशी कासिमअली जेवला नाही.

शनिवार शेवटचा होता. जिपार पिशवी घेऊन थांब्याकडे चालत जाईल, तिला वाटेतच गाठायचं ठरलं. घरात समारंभाचे बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून तयार होते. बुरुलचाच्या डोक्यावर एकतीस वर्षांपूर्वी बांधलेला निळ्या काठाचा पांढरा रुमाल पेटीतून काढून ठेव, म्हणजे आल्याआल्या सुनेला बांधता येईल, असं त्याने तिला दोनदा बजावलं होतं.

कासिमअलीने बॅटरी बसवली. बुरणूस काढ म्हणून बायकोला सांगितलं. ती दारात हाताची घडी घालून उभी राहिली, जागची हलली नाही.

“ऐकू येत नाही का?”

“येतं की,” ती म्हणाली.

तो तणतणत पुढे झाला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतः तो बुरणूस ओढला. शिवण उसवली. आतून मूठमूठ गहू सांडले आणि दोन गुबगुबीत उंदीर त्याच्या बुटावरून पळाले. दोन्ही पदरांच्या मध्ये घरटं होतं, पांढऱ्या सुताचं. त्यात रुमालाचा एक काठ अजून शाबूत होता, निळ्या नक्षीचा.

आजही एक वायर तुटलेली होती. कासिमअलीने तिच्यावरची चरबी बोटाने खरवडली आणि जिभेला लावली. तिखटाचा कणही नव्हता.

खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. बस थांबली, दार आपटलं आणि आवाज खिंडीच्या दिशेने लांब गेला. एर्मेकने सुटकेचा निःश्वास टाकला. तो बापाने ऐकला, पण बापाची नजर बायकोवरून हलत नव्हती.

“हे तू केलंस?”

बुरुलचाने वाकून रुमालाचा तो काठ उचलला आणि झटकला.

“त्या दिवशी तुमच्या ट्रकमध्ये,” ती म्हणाली, “एकसुद्धा उंदीर नव्हता.”