बांधापलीकडची काकडी

पानांचा पिवळेपणा खालून वर चढत होता, शिरा तेवढ्या हिरव्या होत्या. गोदावरीने पॉलिहाऊसमधल्या काकडीला दोनदा मॅग्नेशियम सोडलं, तरी रोज सकाळी आणखी एक ओळ पिवळी दिसायची.

आज कृषी सल्लागाराने पान उलटून पांढऱ्या माश्या दाखवल्या. "ही खताची कमतरता नाही, विषाणू आहे. याला औषध नाही. झाडं उपटून जाळा, नाहीतर माशी रोग शेजारच्या रानात नेईल."

शेजारचं रान धाकट्या जावेचं, रंजनाचं. तिची उघड्यावरची काकडी नुकतीच फुलावर आली होती. वाटणीच्या भांडणापासून चार वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. गोदावरीची झाडं अजून पंधरा दिवस माल देणार होती. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? दुपारभर ती घरात येरझाऱ्या घालत राहिली, जेवण ताटातच राहिलं. शेवटी चपला न घालताच ती बांध ओलांडून गेली.

"रंजना, माझ्या काकडीला रोग आलाय. तुझं पीक जप."

रंजनाने मान खाली घातली. "आक्का, माझ्याकडे वीस दिवसांपूर्वीच आलाय. तुमच्याकडे माझ्याच रानातून गेला असेल. सांगायचं धाडस झालं नाही."

गोदावरीला संताप आला. मग दुपारभर आपण मनात काय घोळवत होतो ते आठवलं, आणि तिने पदर खोचला.

"चल," ती म्हणाली. "आधी तुझं उपटू. उघड्यावरची माशी लांब जाते."